जर्मनीतला पहिला दिवस : फक्त चार कामं

मी शिकायला जर्मनीत उतरले तो वार शुक्रवार होता. मुंबईहून रात्री सुटलेलं विमान सकाळी फ्रँकफर्टला पोचलं, तिथून पुढे चार तासांची रेल्वे, आणि दुपारी सव्वातीनला दोन बॅगा ओढत मी वसतिगृहाच्या दारात उभी. दारावर एक कागद चिकटवलेला. त्यावरचं जर्मन, जोडाक्षर लावून वाचल्यासारखं, वाचलं, तेव्हा कळलं की किल्ल्या देणाऱ्या हाउसमायस्टरची, म्हणजे इमारतीची देखभाल बघणाऱ्या माणसाची, वेळ शुक्रवारी बारापर्यंतच असते. पुढची वेळ सोमवारी सकाळी. करार झालेला, भाडं भरलेलं, अनामत भरलेली, खोलीचा नंबर तोंडपाठ. आत जाता येत नव्हतं एवढंच. शेवटी जिन्यातून उतरणाऱ्या एका मुलीनं माझ्या बॅगेवरची दोरी बघून विचारलं, ‘मराठी का गं?’ ती नाशिकची निघाली. तीन रात्री मी तिच्या खोलीत सतरंजीवर काढल्या.

नंतरच्या वर्षांत नव्यानं येणाऱ्या बऱ्याच मुलामुलींना मी स्टेशनवर घ्यायला गेले. प्रत्येकाचा घोळ वेगळा, पण त्याचं मूळ बहुतेक वेळा घरीच, तिकीट काढताना किंवा बॅग भरताना, पडलेलं असायचं. आणखी एक दिसलं. सगळे पहिल्याच दिवशी सगळं उरकायला बघतात : सिमकार्ड, बँक, नोंदणी, विद्यापीठाचा फेरफटका, महिन्याचा किराणा. रात्रभराच्या जागरणानंतर, परक्या भाषेत, थंडीत. मग पासपोर्ट कुठे ठेवला ते आठवत नाही.

म्हणून पहिल्या दिवसासाठी माझ्याकडे चारच कामांची यादी आहे. कागद दाखवून देशात शिरायचं, खोलीची किल्ली हातात घ्यायची, काहीतरी गरम खायचं, आणि वेळेवर झोपायचं. बाकी कामांना पुढचे दिवस आहेत. ही चार कामं सुरळीत व्हावीत म्हणून काय काय करावं लागतं, ते क्रमानं सांगते.

आधी वार बघा, मग तिकिटाचा दर

आपण तिकीट बघतो ते स्वस्त कधी आहे ते. त्याआधी वसतिगृहाच्या करारात किंवा ई-मेलमध्ये किल्ली मिळण्याची वेळ शोधा. ती सापडली नाही तर विचारून घ्या. जर्मनीत विद्यार्थ्यांची बरीचशी वसतिगृहं ‘स्टुडिएरेंडेनवेर्क’ ही संस्था चालवते. तिची कार्यालयं शनिवार-रविवार बंद असतात आणि शुक्रवारी लवकर आटपतात. सोमवार ते गुरुवार यांपैकी एखाद्या सकाळी उतरलात, तर किल्लीसाठी अख्खी दुपार हाताशी राहते.

हिवाळी सत्र कागदोपत्री १ ऑक्टोबरला सुरू होतं आणि बहुतेक विद्यापीठांत तासिका ऑक्टोबरच्या मध्यावर सुरू होतात. त्यामुळे सप्टेंबरचा शेवट आणि ऑक्टोबरचा पहिला आठवडा हा येणाऱ्यांच्या गर्दीचा काळ. नेमकी याच आठवड्यात ३ ऑक्टोबरला जर्मन एकीकरण दिनाची सुट्टी असते. त्या दिवशी कार्यालयं बंद आणि दुकानंही बंद. रविवारीही दुकानं बंदच असतात. मोठ्या स्टेशनांतली आणि विमानतळावरची तेवढी उघडी असतात.

करार १ तारखेपासूनचा असेल, तर ३० तारखेच्या रात्री त्या खोलीवर तुमचा हक्क नाही, हेही ध्यानात असू द्या. एखादा दिवस मध्ये पडत असेल तर प्रवाशांच्या होस्टेलमधला एक बेड आधीच राखून ठेवा. त्या गावात ओळखीचं कुणी असेल, तर त्याला तुमच्या वतीनं किल्ली घेता येईल का, हे वसतिगृहाला विचारा. पुष्कळ ठिकाणी चालतं. सहीचं अधिकारपत्र, ज्याला तिकडे ‘फोलमाख्ट’ म्हणतात, आणि तुमच्या पासपोर्टची प्रत लागते. माझ्याकडे हे एक पत्र असतं तर ती सतरंजी लागली नसती.

खोली इंटरनेटवरून खाजगी घरमालकाकडून घेतली असेल, तर जास्त सावध राहा. खोली न दाखवता, करार न करता, आधी पैसे पाठवायला सांगणाऱ्याचा पत्ता खोटा असू शकतो, आणि ते कळतं ते दारात पोचल्यावर. शंका असेल तर पहिल्या तीन-चार रात्रींची सोय वेगळी करा आणि खोली डोळ्यांनी बघून मगच पैसे द्या.

बॅगेत काय, खांद्यावर काय

दोन मोठ्या बॅगा विमानाच्या पोटात जातील. एखादी मागे राहिली तर दोन दिवसांनी येईल. त्यामुळे जे हरवून चालणार नाही ते खांद्यावरच्या पिशवीत हवं. पासपोर्ट, विद्यापीठाचं प्रवेशपत्र, ब्लॉक्ड अकाउंटचा (व्हिसासाठी राहण्याचा खर्च आधीच भरून ठेवलेल्या खात्याचा) दाखला, आरोग्यविम्याचे कागद, घराचा करार, एपीएसचं (भारतातली शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचं) प्रमाणपत्र, पदवीच्या मूळ गुणपत्रिका आणि या सगळ्यांचा एक छापील संच. फोनमध्ये आहे म्हणून थांबू नका. फोनची बॅटरी नेमकी काउंटरवर संपते. पॉवर बँकही खांद्यावरच्या पिशवीतच लागते, चेक-इन बॅगेत चालत नाही.

नेहमीची औषधं तीन महिन्यांना पुरतील एवढी, मूळ पट्ट्यांत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह घ्या. जर्मनीत अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय मिळत नाही. कुणी ओळखीच्याच्या ओळखीचा ‘एवढं पाकीट माझ्या भाच्याला द्याल का’ म्हणाला, तर आत काय आहे हे स्वतः उघडून बघितल्याशिवाय हो म्हणू नका. सीमाशुल्काच्या टेबलावर ते तुमचंच असतं.

आता खाऊ. भारतातून युरोपीय संघात येताना प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत. म्हणजे आईनं कढवलेलं तूप, पेढे, बर्फी, श्रीखंड हे सगळं बाद. ताजी फळं-भाज्या आणि हिरवा कढीपत्ताही सरकारी प्रमाणपत्राशिवाय चालत नाही. यातून सुटलेली फळं पाचच : अननस, नारळ, ड्युरियन, केळी आणि खजूर. देवापुढचा नारळ न्यायचा असेल तर खुशाल न्या, हापूस मात्र घरीच खाऊन निघा. मेतकूट, कुळथाचं पीठ, शेंगदाण्याची चटणी, गोडा मसाला, भडंग, भाजणी असे कोरडे जिन्नस नीट बंद करून आणा. तुपाची फार हळहळ करू नका. जर्मन लोणी उत्तम असतं, ते कढवलं की तूप होतं. आणि ‘क्वार्क’ नावाचा दह्याच्या चक्क्यासारखा पदार्थ कुठल्याही दुकानात मिळतो, त्याचं श्रीखंड झकास होतं.

बॅगेच्या वजनाची कसोटी विमान कंपनीच्या काट्यापेक्षा घरच्या जिन्यावर घ्या. दोन्ही बॅगा एकट्यानं दोन मजले चढवून बघा. जर्मनीत स्टेशनवर हमाल नसतो, लिफ्ट बंद असू शकते, आणि गाडीच्या दारात पायऱ्या असतात. जी बॅग घरी चढवता आली नाही ती तिथेही चढणार नाही. सरळ काहीतरी कमी करा. पातेली, ताटं, चादरी तिकडेही मिळतात. छोटा कुकर मात्र आणा.

तरीही एका बॅगेत सगळ्यात वर ‘पहिल्या रात्रीचं गाठोडं’ असू द्या : एक चादर, पातळ पांघरूण, टॉवेल, साबण, एक कपड्यांचा जोड, सपाता, चमचा, स्टीलचा डबा, आणि प्लगचा अडॅप्टर. वसतिगृहाच्या खोलीत पलंग-गादी असली तरी उशी-पांघरूण असेलच असं नाही. विजेचा दाब आपल्यासारखाच २३० व्होल्टचा, पण आपला तीन गोल पिनांचा प्लग तिथल्या भोकांत बसत नाही.

पैशांचं म्हणाल, तर ब्लॉक्ड अकाउंटच्या भरवशावर उतरू नका. त्यात वर्षाचे ११,९०४ युरो भरलेले असतात आणि महिन्याला ९९२ युरो मोकळे होतात, पण खातं चालू होऊन पहिला हप्ता हाती पडायला वेळ लागतो. तोवरच्या खर्चासाठी फॉरेक्स कार्ड आणि तीन-चारशे युरो रोख जवळ असू द्या, तेही पाच, दहा, वीसच्या नोटांत. बेकरीत शंभराची नोट पुढे केली की पलीकडची बाई मान हलवते.

पासपोर्टच्या खिडकीपाशी

विमानातून उतरल्यावर युरोपीय नागरिकांची एक रांग आणि बाकीच्यांची दुसरी. आपली दुसरी. तास-दीड तास धरून चला. दुबई किंवा दोहामार्गे आलात तर ही तपासणी जर्मनीत होईल. पॅरिस किंवा ॲमस्टरडॅममार्गे आलात तर तिथेच होते, कारण शेंगेन क्षेत्रात तुम्ही तिथूनच शिरता. दोन विमानांमधलं अंतर ठरवताना ही रांग मोजायला विसरू नका.

खिडकीतला अधिकारी साधारण तीन गोष्टी विचारतो : कशाला आलात, कुठे शिकणार, कुठे राहणार. एका वाक्यात उत्तर द्या. ‘आखेन विद्यापीठात एमएस करायला, वसतिगृहात राहणार.’ इंग्रजी चालतं. त्यानं मागितला तोच कागद द्या, अख्खी फाइल त्याच्यापुढे ओतू नका. पासपोर्ट परत आला की बाजूला व्हा, शिक्का मारला असेल तर तारीख बघा, आणि पासपोर्ट ठरलेल्या कप्प्यातच ठेवा. दिवसभर कप्पा बदलायचा नाही.

बॅग आली नाही, तर विमानतळ सोडण्याआधी तिथल्याच सामान-कक्षात तक्रार नोंदवा आणि तिचा क्रमांक घ्या. पत्ता म्हणून वसतिगृहाचा पूर्ण पत्ता लागेल, तो कागदावर लिहिलेला असू द्या.

बाहेर पडायच्या आधी विमानतळाचं फुकट वाय-फाय लावून घरी एक निरोप टाका. सिमकार्डाचं दुकान शोधत फिरू नका. प्रीपेड सिमलाही जर्मनीत ओळख पटवावी लागते, त्यात वेळ जातो. निघण्यापूर्वीच ई-सिम किंवा रोमिंगचा आठवड्याचा पॅक घेतलेला बरा. आणि भारतातलं सिम चालू ठेवा. शैक्षणिक कर्जाच्या बँकेचा ओटीपी त्याच नंबरावर येतो. घरच्यांनी रिचार्ज विसरला की अडचण तुमची होते.

गाडी वेळेवर येईल असं धरू नका

जर्मन गाड्या घड्याळावर चालतात, अशी आपली समजूत असते. जर्मन रेल्वेच्या स्वतःच्या हिशोबानं २०२४ साली लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी ६२.५ टक्केच वेळेवर होत्या, आणि तिच्या लेखी सहा मिनिटांच्या आतला उशीर हा उशीरच नसतो. म्हणून ‘स्पारप्राइस’ हे स्वस्त तिकीट काढताना जपून. ते ठराविक गाडीलाच बांधलेलं असतं. विमानाला उशीर झाला आणि गाडी चुकली तर तिकीट वाया. उतरण्याच्या वेळेनंतर किमान तीन तासांनी सुटणारी गाडी घ्या, किंवा थोडे जास्त पैसे मोजून ‘फ्लेक्सप्राइस’ घ्या. उशीर रेल्वेचा असेल आणि मुक्कामी पोचायला वीस मिनिटांहून जास्त उशीर होणार असेल, तर मात्र हे बंधन सुटतं आणि दुसऱ्या गाडीनं जाता येतं.

फ्रँकफर्ट विमानतळाला दोन रेल्वे स्टेशनं आहेत. ‘फेर्नबानहोफ’ हे लांब पल्ल्याच्या गाड्यांचं, आणि ‘रेगिओनालबानहोफ’ हे लोकल गाड्यांचं, टर्मिनल १ च्या खाली. शहराच्या मुख्य स्टेशनला जायचं असेल तर लोकलची एस ८ किंवा एस ९ पंधरा मिनिटांच्या आत पोचवते. चुकीच्या स्टेशनवर वाट बघत बसलेली मुलं मी पाहिली आहेत.

रेल्वेचं ‘डीबी नॅव्हिगेटर’ हे ॲप भारतातच उतरवून घ्या. फलकावर तीन शब्द ओळखता आले की पुरे : ‘ग्लाइस’ म्हणजे फलाट, ‘फेरश्पेटुंग’ म्हणजे उशीर, ‘फेल्ट आउस’ म्हणजे गाडी रद्द. फलाट ऐनवेळी बदलतो, त्यामुळे गाडी येईपर्यंत फलकाकडे अधूनमधून बघत राहा. काही गाड्या वाटेत दुभंगून दोन गावांना जातात, तेव्हा डब्यात चढण्यापूर्वी दारावरचं गावाचं नाव वाचा.

स्टेशनवर फिरतं फाटक नसतं, थेट गाडीत चढता येतं. म्हणून तिकीट लागत नाही असं समजू नका. तपासनीस अनेकदा साध्या कपड्यांत असतो आणि विनातिकीट सापडलात तर ६० युरो दंड. ‘मी आजच आलो’ हे कारण तो रोज ऐकतो. लोकल, बस, ट्राम आणि प्रादेशिक गाड्यांना चालणारं ‘डॉइचलांडटिकेट’ २०२६ च्या जानेवारीपासून महिन्याला ६३ युरोंना मिळतं. पण अनेक विद्यापीठांत सेमेस्टरच्या शुल्कातच त्याची विद्यार्थी आवृत्ती असते. तुमच्या शुल्कात ती आहे का, आणि कधीपासून चालू होते, हे आधी बघा, म्हणजे दोनदा पैसे जाणार नाहीत. लांब पल्ल्याच्या वेगवान आयसीई गाडीत मात्र ते चालत नाही.

रात्री उशिरा पोचलात तर टॅक्सी करा. अधिकृत टॅक्सी बहुधा फिक्या साईच्या रंगाची असते आणि डोक्यावर पिवळी पाटी. आपणहून ‘टॅक्सी, टॅक्सी’ करत जवळ येणाऱ्याबरोबर जाऊ नका.

किल्ली मिळाली, आता खोली

हाउसमायस्टर बहुधा फार बोलणारा नसतो. त्याला रागीट समजू नका. हात मिळवा, ‘गुटन टाग’ म्हणा, कागद पुढे करा. तो खोली दाखवतो आणि एक फॉर्म पुढे करतो : खोलीतल्या वस्तू आणि त्यांची अवस्था. हा फॉर्म घाईत सही करण्याचा नाही. भिंतीवरचा डाग, टेबलावरची जळाल्याची खूण, तुटकी कडी, सगळं त्यावर लिहून घ्या आणि फोटो काढा. जाताना अनामत कापली जाते ती याच कागदावर बोट ठेवून.

त्याच वेळी एक कागद मागून घ्या, किंवा कुठे मिळेल ते विचारा. त्याचं नाव उच्चारायलाच एक श्वास लागतो : ‘वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग’. हा माणूस आमच्याकडे राहतो, असा घर देणाऱ्यानं दिलेला दाखला. तो नसेल तर शहरातली पत्ता-नोंदणी होत नाही, आणि त्या नोंदणीशिवाय पुढचं बरंच काही अडतं.

आता चार गोष्टी हाताळून बघा. पहिली, दार. बऱ्याच दारांना बाहेरून फिरणारी मूठ नसते. ते मागे नुसतं लोटलं तरी बंद होतं आणि किल्लीशिवाय उघडत नाही. कचरा टाकायला म्हणून सपाता घालून बाहेर पडलेला मुलगा तासभर जिन्यात बसलेला मी पाहिला आहे. कुलूपवाल्याला बोलावणं फार महाग पडतं. हवं तर किल्ली गळ्यात अडकवा, पण खोलीबाहेर किल्लीशिवाय पाऊल नको. ती हरवलीत तर कधीकधी अख्ख्या इमारतीची कुलपं बदलण्याचा खर्च मागितला जातो.

दुसरी, खिडकी. मूठ खाली केली की बंद, आडवी केली की पूर्ण उघडते, वर केली की खिडकीचा माथा आत कलतो. पहिल्यांदा कलते तेव्हा ती तुटली असं वाटून सगळे घाबरतात. तिसरी, भिंतीवरचा हीटर. त्याच्या चावीवर १ ते ५ आकडे असतात. ३ वर साधारण २० अंश होतात, तेवढे पुरतात. ५ वर ठेवलं तर खोली लवकर तापते असं नाही, उगीच जास्त तापते.

चौथी, छताकडे बघा. तिथे धूर ओळखणारं यंत्र आहे. मोहरी तडतडवायची ती पंखा लावून, खिडकी उघडून, स्वयंपाकघरातच. मिरचीच्या खमंग फोडणीनं अख्खं वसतिगृह मध्यरात्री अंगणात जमलं, असा किस्सा मराठी मुलांत जवळजवळ दर सत्राला ऐकू येतो.

आणि सगळ्यात शेवटी, खाली जाऊन टपालपेटीवर तुमचं नाव लावा. इथला पोस्टमन खोलीचा नंबर बघत नाही, पेटीवरचं आडनाव बघतो. बँकेचं कार्ड, त्याचा गुप्त क्रमांक, कर क्रमांक, विम्याचं कार्ड, सगळं टपालानंच येतं, तेही वेगवेगळ्या पाकिटांतून. नाव नसेल तर ते पाकीट मुकाट्यानं परत जातं आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. आपल्या पासपोर्टात नावापाठोपाठ वडिलांचं नाव येतं, त्यामुळे काही पत्रांवर ते आडनावासारखं छापून येतं. पेटीवर पासपोर्टातलं पूर्ण नाव लावलं की कुठलंही पत्र चुकत नाही.

पोटाला काय

नळाचं पाणी बिनधास्त प्या. बाटली घ्यायचीच असेल तर ‘ओने कोलेनझॉयरे’ किंवा ‘श्टिल’ असं लिहिलेली बघून घ्या, नाहीतर सोड्यासारखं बुडबुड्यांचं पाणी पदरात पडेल. बाटली चेपून टाकू नका. प्लास्टिकच्या एकदाच वापरायच्या बाटलीवर २५ सेंट अनामत असते, दुकानातल्या यंत्रात बाटली सरकवली की ती परत मिळते.

संध्याकाळी जवळच्या रेवे, लिडल, आल्डी किंवा पेनीत एकच चक्कर मारा. पिशवी घरून न्या. पहिल्या दिवशी पाव, अंडी किंवा फळं, लोणी, दूध, एवढंच घ्या. दूध घेताना ‘मिल्ख’ असं वाचा आणि पुढे-मागे ‘बुटर’ नाही याची खात्री करा. ‘बुटरमिल्ख’ म्हणजे ताक, आणि त्याचा चहा काय होतो हे सांगायला नको. बव्हेरियात दुकानं रात्री आठला बंद होतात, इतरत्र बहुधा नंतर. गल्ल्यावरची बाई वस्तू सटासट पुढे ढकलते. लाजू नका, तुम्हीही भराभर पिशवीत भरा, पैसे मग.

डाळ-तांदळाची चिंता आज नको. मसूर डाळ, बासमती, कोथिंबीर, हिरव्या मिरच्या तुर्की दुकानांत सर्रास मिळतात, पण ते शोधणं हे शनिवारचं काम. आज कपभर पाणी उकळा, घरून आणलेल्या तिखट-मिठाच्या सांज्याच्या पाकिटात घाला आणि गरम गरम खा. रात्री दहानंतर इमारतीत शांततेची वेळ सुरू होते, ‘रूएत्साइट’. अकरा वाजता कुकरची शिट्टी झाली तर शेजारी दार ठोठावेल, आणि ती ओळख चांगली होणार नाही.

घरच्यांसाठी दोन शब्द

हा भाग मुलांनी आईबाबांना वाचून दाखवावा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत जर्मनी आपल्या साडेतीन तास मागे असते, त्या दिवशी घड्याळ बदललं की साडेचार तास. मुलगी सकाळी सातला उतरली तर तुमच्याकडे साडेदहा वाजलेले असतात आणि तिचा खरा दिवस अजून सुरूच व्हायचा असतो. आधीच ठरवून घ्या की ती तीन वेळा निरोप पाठवेल : उतरल्यावर, गाडीत बसल्यावर, खोलीत गेल्यावर. मध्ये फोन करू नका. पासपोर्टच्या रांगेत, दोन बॅगा सांभाळत, तिला तुमचा फोन उचलता येत नाही, आणि न उचललेले अकरा फोन बघून ती बावरते.

रात्री मात्र निवांत बोला. पहिल्या संध्याकाळी बहुतेकांना रडू येतं. त्यात मुलगे-मुली असा फरक नाही. सहा-सात वाजता अंधारून येतं, खोली रिकामी, खिडकीबाहेर कुणी मोठ्यानं बोलत नाही, आणि आपल्याकडे तोवर जेवणं उरकून गेलेली असतात. त्या वेळी ‘परत ये’ असंही म्हणू नका आणि ‘एवढ्या कर्जाचं काय’ असंही म्हणू नका. आज काय खाल्लंस, एवढं विचारा.

झोपा, आणि उद्यापासून काय

साडेतीन तासांच्या फरकानं संध्याकाळी सहालाच डोळे मिटायला लागतात. तेव्हा झोपलात तर पहाटे दोनला टक्क जागे. नऊपर्यंत कसंबसं जागा. आंघोळ करा, गाठोड्यातली चादर घाला, उजेडाची वेळ संपण्याआधी इमारतीभोवती एक चक्कर मारून बसस्टॉप बघून ठेवा. फोनमध्ये दोन नंबर घाला : ११२ रुग्णवाहिका आणि अग्निशमनासाठी, ११० पोलिसांसाठी. रात्री-सुट्टीत दुखणं आलं पण तातडीचं नसेल, तर डॉक्टरांच्या सेवेसाठी ११६११७.

पुढच्या कामांचा क्रम असा ठेवा. सगळ्यात आधी ‘आनमेल्डुंग’, म्हणजे शहराच्या कार्यालयात पत्त्याची नोंदणी. राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत ती करायची असते आणि त्यासाठी वेळ ठरवून घ्यावी लागते. या ठरवलेल्या वेळेला ‘टेरमिन’ म्हणतात, आणि हा शब्द तुम्ही पुढची दोन वर्षं रोज ऐकाल. टेरमिन भारतात असतानाच ऑनलाइन घेऊन ठेवला तर उत्तम. नोंदणीनंतर बँक खातं आणि ब्लॉक्ड अकाउंटचा पहिला हप्ता. आरोग्यविमा विद्यापीठाला कळला की प्रवेश पूर्ण होतो. मग परदेशी नागरिकांच्या कार्यालयात निवास परवान्याचा अर्ज. व्हिसा बहुधा थोड्याच महिन्यांचा असतो आणि मोठ्या शहरांत टेरमिनला वेळ लागतो, म्हणून पहिल्या पंधरवड्यातच अर्ज घाला. मधेच रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्र येईल, महिना १८.३६ युरोंचं. ते फसवं नाही. पण ही वर्गणी घरटी एकच भरायची असते, त्यामुळे सामायिक घरात राहत असाल तर आधी घरातल्यांना विचारा.

यातलं एकही काम पहिल्या दिवसाचं नाही.

तुमच्या आधी बरेच जण ही वाट चालून गेले आहेत. गेल्या शतकातल्या विसाच्या दशकात इरावती कर्वे मानववंशशास्त्र शिकायला बर्लिनला गेल्या, तेव्हा घरी खुशालीचं पत्र पोचायला आठवडे लागत. तुमचा निरोप तर पासपोर्टच्या रांगेतूनच जाईल. पहिल्या रात्रीची अनोळखी खोली मात्र तुम्हालाही चुकणार नाही.

निघायच्या आदल्या रात्री, बॅगा बंद झाल्यावर, एक छोटं काम करा. पांढऱ्या कागदाची बोटभर रुंद पट्टी कापा, तिच्यावर पासपोर्टातलं पूर्ण नाव इंग्रजी मोठ्या अक्षरांत लिहा, आणि थोडी चिकटपट्टी गुंडाळून पासपोर्टच्याच कप्प्यात ठेवा. वडिलांचं अक्षर चांगलं असेल तर त्यांनाच लिहायला सांगा. टपालपेटीवर ती पट्टी लावलीत की पोस्टमनला तुमचा पत्ता कळला. मी घ्यायला गेलेल्या एका मुलाच्या पेटीवर दोन वर्षं ती तशीच होती. खोली सोडताना त्यानं ती सोलून काढली आणि पाकिटात ठेवली.